लहान भूखंडावरचे घर पारखताना

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या घरखरेदीविषयक पुरवणीत उपनगरांतील लहान, स्वतंत्र घरांच्या जाहिराती आणि त्यांची ओळख करून देणारे लेख नियमित प्रसिद्ध होतात. ते मी आवर्जून वाचतो, कारण घर घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी अशा घरांची पाहणी करून लेखी अहवाल देणे हाच माझा व्यवसाय आहे. या मजकुरात खोल्यांची संख्या, फरशीचा प्रकार, स्वयंपाकघरातील कपाटे आणि भिंतींचे रंग यांची माहिती भरपूर असते. मात्र भूखंड किती लांब-रुंद आहे, घर त्यावर नेमके कोठे बसले आहे, चारही बाजूंना किती मोकळी जागा उरली आहे, जोते रस्त्यापासून किती उंच आहे आणि छपरावरचे पाणी कोठे जाते, याविषयी सहसा एक ओळही आढळत नाही. लहान भूखंडावरच्या साध्या घराचे बरेवाईट याच गोष्टींवर ठरते. म्हणून खरेदीदाराने आधी भिंतीपासून कुंपणापर्यंतची जागा पाहावी आणि मग घरात पाऊल टाकावे, असे माझे ठाम मत आहे.

घर लहान आहे म्हणून ते कमी प्रतीचे ठरत नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन ही वसाहत उभी राहिली. तिथली सुरुवातीची घरे जेमतेम ७५० चौरस फुटांची, दोन शयनगृहांची आणि वरचा पोटमाळा अपूर्ण ठेवलेली अशी होती. भूखंड साधारण ६० बाय १०० फुटांचा असल्यामुळे घराने त्याचा फक्त आठवा भाग व्यापला होता. पुढे तिथल्या कुटुंबांनी पोटमाळे राहते केले, बाजूला आणि मागे खोल्या काढल्या, आणि मूळ रूपातले घर शोधून काढावे लागेल इतकी ती वस्ती बदलून गेली. त्या घरांना वाढायला जमीन होती. ज्या लहान भूखंडांविषयी मी लिहीत आहे, तिथे घराने अर्धी किंवा त्याहून जास्त जमीन आधीच व्यापलेली असते. त्यामुळे जे आज नाही ते उद्या करून घेता येईल, हा हिशेब खरेदीदाराने गृहीत धरू नये.

३० फूट रुंद आणि ४० फूट लांब, म्हणजे १२०० चौरस फुटांचा भूखंड घेऊ. बांधकाम नियमांप्रमाणे दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट सामासिक अंतर, म्हणजे हद्द आणि भिंत यांमधली मोकळी जागा, सोडायचे असेल, तर घराला २४ फूट रुंदी मिळते. हेच अंतर पाच-पाच फूट असेल तर २० फूटच उरतात. अशा जागेत कुंपण एक फूट आत सरकलेले असेल तर ४० चौरस फूट, म्हणजे एकूण जमिनीचा तिसावा भाग गेला. एक एकरात ४३,५६० चौरस फूट असतात, त्यामुळे तिथे हेच ४० चौरस फूट हजाराव्या भागापेक्षाही कमी भरतात आणि ते कोणी मोजतही नाही. म्हणून लहान भूखंडाची हद्द खरेदीखतातील आकड्यांवर विसंबून न स्वीकारता, प्रत्यक्ष टेप लावून आणि शक्य असेल तर अधिकृत मोजणी करून पडताळली पाहिजे.

मोजताना चार बाजू मोजून थांबू नये, कर्णही मोजावेत. ३० बाय ४० च्या काटकोनी भूखंडाचा कर्ण बरोबर ५० फूट भरतो. बाजू तेवढ्याच असून एक कर्ण ४९ फूट भरला, तर क्षेत्रफळात जेमतेम एका चौरस फुटाचा फरक पडतो, पण भूखंड तिरका झालेला असतो आणि मागची बाजू दीड फुटाहून अधिक सरकलेली असते. घर मात्र समोरच्या रस्त्याशी गुण्यात, म्हणजे काटकोनात, बांधलेले असते. परिणामी समोरून तीन फूट दिसणारी बाजूची मोकळी जागा मागच्या टोकाला दीड फुटाच्या आत येते, आणि तिथे पुढे परवानगीचा किंवा शेजाऱ्याशी तंट्याचा प्रश्न उभा राहतो. हे काम एक टेप आणि दोन माणसे अर्ध्या तासात करू शकतात, तरीही ते फार थोडे खरेदीदार करतात.

यानंतर पाहायचा तो घर आणि कुंपण यांच्यामधला बोळ. घर दाखवणारे सहसा तिकडे नेत नाहीत, कारण तिथे अडगळ असते, वाट अरुंद असते आणि पाहण्यासारखे काही नाही असे सर्वांनाच वाटते. माझ्या अनुभवात घराविषयी सर्वांत खरी माहिती तिथेच मिळते. विजेरी घेऊन, अंग तिरके करीत त्या बोळातून चालत जावे. पायाखालची फरशी हिरवी आणि निसरडी असेल, तर पाणी साचते आणि ऊन पोहोचत नाही हे उघड आहे. भिंतीच्या पायथ्याशी गिलाव्याला पोपडे सुटलेले, बोट लावताच वाळू गळणारी आणि पांढरट लोणा धरलेली पट्टी दिसेल. ती किती उंच चढली आहे ते मोजून ठेवावे. सांडपाण्याच्या चेंबरचे झाकण याच बोळात असते. ते उघडायला लावावे, आतल्या पाण्याची पातळी पाहावी आणि घरात कोणाला तरी बादलीभर पाणी ओतायला सांगून ते पाणी थांबत थांबत येते की सरळ वाहून जाते ते पाहावे. वर पाहिले तर शेजारच्या छपराची पन्हळ कोणत्या बाजूला ओतते आणि तिच्या पागोळ्या कोणाच्या भिंतीवर पडतात तेही दिसेल. शेवटी एक साधा प्रश्न स्वतःला विचारावा: ही भिंत रंगवायची किंवा तिचा गिलावा नव्याने करायचा झाला, तर इथे परांची बांधता येईल का? दोन फुटांच्या बोळात ती नीट उभी राहत नाही, आणि अशा भिंतीची दुरुस्ती शेजाऱ्याने त्याच्या हद्दीत उभे राहू दिले तरच होते. ज्या भिंतीपर्यंत गवंड्याचा हात पोहोचत नाही ती भिंत वर्षानुवर्षे तशीच राहते, आणि मी पाहिलेल्या घरांत ओल सर्वांत आधी तिथूनच आत शिरलेली आढळते.

पाण्याचा हिशेब तर प्रत्येक खरेदीदाराने कागदावर मांडून पाहावा, इतका तो सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी जमते. छप्पर ६० चौरस मीटरचे असेल आणि एका सरीत ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ३००० लिटर पाणी त्या लहानशा भूखंडावर उतरते, आणि शेजारच्या उंच जमिनीवरून येणारे पाणी त्यात धरलेलेच नाही. अमेरिकेत प्रचलित असलेल्या निवासी बांधकाम संहितेत घराभोवतीच्या पहिल्या १० फुटांत जमिनीला किमान ६ इंच उतार असावा, असा नियम आहे. आणि हद्दीमुळे किंवा भिंतीमुळे तेवढी जागा मिळत नसेल, तर पाणी घरापासून दूर नेणारी गटारे किंवा चर असलेच पाहिजेत, असेही तिथे सांगितले आहे. हा दुसरा भाग लहान भूखंडांसाठीच जणू लिहिला गेला आहे, कारण तिथे १० फूट मोकळी जमीन कोणत्याच बाजूला नसते. म्हणून उतार कोठे आहे, पाणी कोणत्या गटारातून कोठे जाते आणि ते गटार कोणाच्या जमिनीतून जाते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय विसार देऊ नये. शेजाऱ्याच्या जमिनीतून पाणी नेण्याची वहिवाट केवळ तोंडी असेल, तर तो शेजारी बदलताच ती संपुष्टात येण्याचा धोका असतो.

जोत्याची उंची हा याच विषयाचा दुसरा भाग होय. रस्त्यावर जुना थर न खरवडता दर वेळी नवा डांबरी थर चढवला जातो, आणि बांधताना रस्त्यापेक्षा चांगले उंच असलेले जोते काही वर्षांनी रस्त्याच्या पातळीला येते. घराच्या आवारातही असेच घडते. मालक जुन्या फरशीवर नवी फरशी बसवतो, मग पुन्हा त्यावर काँक्रीट ओततो, आणि जोत्यातील ओलप्रतिबंधक थर हळूहळू बाहेरच्या जमिनीखाली गाडला जातो. बाहेरची जमीन त्या थराच्या किमान १५० मिलिमीटर खाली असावी, असा ब्रिटनमधील बांधकामाचा प्रघात आहे. तो थर एकदा झाकला गेला की त्याला ओलांडून जमिनीतली ओल भिंतीत चढते. आतून खालच्या दोन-तीन फुटांपुरताच ताजा रंग किंवा नव्या टाइल्स दिसल्या, तर त्यामागे काय झाकले आहे याची चौकशी करणे हा खरेदीदाराचा हक्कच आहे, आणि विक्रेत्याने त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

भेगांविषयी लोकांच्या मनात एक तर अवास्तव भीती असते किंवा अवास्तव बेफिकिरी. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने केलेल्या वर्गीकरणात १ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा अगदी किरकोळ मानल्या आहेत. ५ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा बुजवता येण्याजोग्या, आणि ५ ते १५ मिलिमीटरच्या भेगा मात्र दारे-खिडक्या अडकवणाऱ्या आणि गंभीरपणे घेण्याजोग्या ठरवल्या आहेत. तथापि रुंदीइतकेच महत्त्व भेगेच्या दिशेला आहे. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली सरळ, बारीक भेग बहुधा दोन सामग्रींच्या वेगवेगळ्या आकुंचनामुळे पडते आणि तिने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारी आणि एका टोकाला रुंद होत जाणारी भेग मात्र पाया असमान खचत असल्याची शक्यता दाखवते. पाणी मिळाले की फुगणारी आणि वाळली की आक्रसणारी चिकणमाती खाली असेल, तर ही शक्यता वाढते. आणि अशा मातीत घराला खेटून मोठे झाड असेल, तर त्याची मुळे उन्हाळ्यात पायाखालचा ओलावा ओढून घेतात. खांबांच्या किंवा तुळयांच्या लांबीला धरून जाणारी, तांबूस डाग असलेली भेग याहून वेगळी. आतली सळई गंजली की गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त होते आणि ते भोवतीच्या काँक्रीटला आतून फोडते. अशा भेगेत वरवर सिमेंट भरून काहीच साधत नाही, म्हणून किंमत ठरवण्यापूर्वी अशा घरासाठी संरचना अभियंत्याचे मत घ्यावेच.

लहान भूखंडावर शेजाऱ्याचे बांधकाम आपल्या पायाइतकेच महत्त्वाचे असते, हे फार उशिरा लक्षात येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या कायद्याप्रमाणे शेजारच्या इमारतीपासून ३ मीटरच्या आत, तिच्या पायापेक्षा खोल खोदकाम करायचे असल्यास आधी लेखी सूचना द्यावी लागते, कारण एवढ्या अंतरावरचे खोदकाम शेजारचा पाया हलवू शकते. घरांमधले अंतरच तीन मीटरपेक्षा कमी असते तिथे ही चिंता कायमची असते. म्हणून शेजारी रिकामा भूखंड किंवा जुने, पाडायला आलेले घर असेल, तर तिथे नियमांप्रमाणे किती मजले चढू शकतात, हे स्थानिक बांधकाम कार्यालयात जाऊन विचारावे. आज सकाळी स्वयंपाकघरात येणारे ऊन आणि शयनगृहात येणारा वारा हे शेजारच्या घराच्या आजच्या उंचीवर अवलंबून आहेत. जाहिरातीत ‘भरपूर उजेड’ असे छापलेले असते, पण तो उजेड पुढेही टिकेल अशी हमी त्यात नसते.

घराच्या आतली तपासणी त्या मानाने सोपी आहे. दोन नळ एकदम उघडून शौचालयाची टाकी सोडावी आणि पाण्याचा दाब किती पडतो ते पाहावे. सर्व नळ बंद करून मीटर फिरतो का ते पाहिले की लपलेली गळती कळते. वीजपुरवठ्यात ३० मिलिअँपिअर वीज गळताच पुरवठा तोडणारे यंत्र आहे का, तारा आणि जोडण्या कोणत्या काळातल्या आहेत, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. लाकडी चौकटींवर टिचकी मारावी. पोकळ आवाज आला किंवा भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या, तर वाळवी असण्याची शक्यता आहे. छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचे असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासावाटे गेल्यास घातक ठरणारे खनिज तंतू) असू शकते, त्यामुळे ते फोडायला किंवा कापायला स्वतः हात लावू नये. मैलापाणी आवारातल्याच टाकीत आणि शोषखड्ड्यात जात असेल, तर ती टाकी नेमकी कोठे आहे आणि उपसणारी गाडी तिथपर्यंत पाइप पोहोचवू शकते का, हे विचारावे. लहान भूखंडावर टाकीच्या वरच खोली वाढवलेली मी पाहिली आहे, आणि अशा घरात ती टाकी उपसायची म्हणजे खोलीची फरशी फोडावी लागते.

ही वाढवलेली खोली कागदपत्रांच्या प्रश्नाकडे नेते. मंजूर नकाशा हातात धरून घर फिरावे आणि नकाशात नसलेली प्रत्येक भिंत टिपून ठेवावी. सामासिक अंतरात बांधलेली न्हाणीघरे, झाकून घेतलेले वाहनतळ आणि मागच्या अंगणातले पत्र्याचे स्वयंपाकघर यांचे क्षेत्रफळ जाहिरातीत मोजलेले असते, पण परवानगी नसलेले बांधकाम पाडण्याचा आदेश आला तर तो नव्या मालकावर बजावला जातो. घरावर कर्जाचा बोजा नाही आणि वारसांचा दावा नाही, हे वकिलाकडून पाहून घ्यावेच; त्याविषयी पुरवणीत अनेकदा छापून आले आहे, म्हणून मी त्याचा विस्तार करीत नाही.

आता मूल्यांकन. बांधकामाच्या चौरस फुटाला एक दर लावून घराची किंमत काढण्याची पद्धत लहान भूखंडावर फसवी ठरते, कारण त्या एकाच दरात जमीन आणि इमारत दोन्ही मिसळलेल्या असतात. इमारत झिजते, जमीन झिजत नाही. मूल्यांकन करणारे जाणकार आसपासच्या अलीकडील विक्रींवरून जमिनीचे मोल वेगळे ठरवतात, तेवढीच इमारत आज बांधायला येणाऱ्या खर्चातून तिची झीज वजा करतात, आणि मग दोन्हींची बेरीज करतात. खरेदीदारानेही एवढे करावे, आणि त्याहून एक पाऊल पुढे जाऊन, सामासिक अंतरे वजा केल्यावर खरोखर वापरता येणारी जमीन किती उरते ते पाहावे. एकाच क्षेत्रफळाचे दोन भूखंड असले तरी समोरून २० फूट असलेला भूखंड आणि ३० फूट असलेला भूखंड यांचे मोल सारखे नसते. गाडी उभी करायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. ती २० फुटी दर्शनी बाजूतून काढली की घराच्या दारापुढे फारसे काही राहत नाही. याउलट ओल, पाया, उतार आणि हद्द या चारही बाबतींत स्वच्छ असलेले घर जुन्या फरशीचे आणि फिक्या रंगाचे असले, तरी त्याला दोन पैसे जास्त मोजायला हरकत नाही, असा सल्ला मी नेहमी देतो. फरशी आणि रंग मालकाच्या सवडीने बदलता येतात. बाजूला असलेला दीड फुटाचा बोळ तीन फुटांचा करणे कोणाच्याही हातात नसते.

एवढी पाहणी करायला खरेदीदाराला किमान दोनदा जावे लागते, आणि त्यातली एक भेट पाऊस चालू असताना किंवा थांबल्यावर लगेच व्हावी. विक्रेत्याने पावसात घर दाखवायला टाळाटाळ केली, तर समोरच्या आणि बाजूच्या घरी जाऊन गेल्या काही वर्षांत पाणी कोठपर्यंत आले होते हे विचारावे. शेजारी हे सहसा खरे सांगतात, आणि ज्यांच्या भिंतीला भिंत लावून राहायचे आहे त्यांची ओळखही त्या निमित्ताने होते. आयुष्यभराची बचत घालून आणि त्यावर वीस वर्षांचे कर्ज काढून जी कुटुंबे अशी घरे घेतात, त्यांना पुढे जोत्याची ओल किंवा हद्दीचा दावा निस्तरण्याइतकी शिल्लक उरत नाही. मी हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी लिहीत आहे.

आपणास माझी विनंती अशी आहे की, पुरवणीतील स्वतंत्र घरांच्या जाहिरातींचा जो नमुना आपण जाहिरातदारांकडून भरून घेता, त्यात काही रकाने कायमचे ठेवावेत. भूखंडाची लांबी-रुंदी, मंजूर नकाशाप्रमाणे बांधकामाचे क्षेत्रफळ, चारही बाजूंची सामासिक अंतरे, रस्त्यापासून जोत्याची उंची, बांधकामाचे वर्ष, मैलापाण्याची व्यवस्था आणि समोरच्या रस्त्याची रुंदी ही माहिती चार ओळींत मावते आणि विक्रेत्याकडे ती असतेच. ज्यांना ती द्यायची नसेल त्यांचा रकाना रिकामा छापावा, म्हणजे तेवढे तरी वाचकाला कळेल. शिवाय घरांची ओळख करून देणाऱ्या लेखांबरोबर दिवाणखान्याच्या छायाचित्राशेजारी बाजूच्या बोळाचेही एक छायाचित्र यावे. आपल्या छायाचित्रकारास ते काढताना कोठे उभे राहावे आणि काय टिपावे याविषयी काही मदत हवी असल्यास मी ती आनंदाने करीन.

आपला नम्र,
घरांची पाहणी करणारा एक स्थापत्य अभियंता